न पाहिलेल्या खडकाचा जाणकार

त्याला सगळे कप्तान म्हणत. बोट त्याची नव्हती, कप्तान लागावा एवढी ती मोठीही नव्हती, आणि गणवेश म्हणाल तर एक विटलेली टोपी होती, तीही कुठल्याशा पाहुण्याने विसरलेली. पण माणूस सुकाणूपाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याने आवाज खर्जात लावला, की लोक आपण होऊन त्याला हुद्दा देऊन टाकतात. तो नाकारण्याचा असभ्यपणा कप्तानाने कधी केला नाही.

काम तसं सोपं होतं. डायव्हिंग केंद्राच्या धक्क्यावरून पाहुण्यांना बोटीत घ्यायचं, उथळ पाण्यातल्या पोवळ्यांच्या खडकापर्यंत न्यायचं, तिथल्या तरंगत्या पिंपाला बोट बांधायची, आणि पाहुणे पाठीवर हवेची टाकी लावून खाली जाऊन येईपर्यंत वर बसायचं. तो खडक म्हणजे समुद्राची बालवाडी. पाणी दुमजली घराएवढं खोल, ओढ नाही, लाट नाही, तळाशी पांढरी वाळू. ज्याला पोहता येत नाही तोसुद्धा प्रशिक्षकाचा हात धरून तिथे उतरतो आणि घरी गेल्यावर महासागर पालथा घालून आल्याच्या थाटात फोटो दाखवतो.

बोट धक्क्यावरून सुटली की कप्तानाचं प्रवचन सुरू व्हायचं. "उजव्या हाताला मोठं गोल पोवळं लागेल. त्याला वळसा घाला, की गुहा. गुहेत आपला म्हातारा राहतो. मासा हो! जेवणाच्या टेबलाएवढा. एक डोळा अधू आहे. सकाळी जरा चिडका असतो, तेव्हा घाई करू नका, लांबूनच बघा." पाहुण्यांची तोंडं उघडीच राहायची. मग कुणीतरी हमखास विचारायचं, "काका, तुम्ही किती वेळा गेलात खाली?" कप्तान क्षितिजाकडे बघायचा. "मोजणं सोडून दिलं," म्हणायचा.

सोडून देणं सोपंच होतं, कारण मोजायला कधी सुरुवातच झाली नव्हती. कप्तान त्या खडकावर एकदाही उतरला नव्हता. त्याला पोहता येत नव्हतं. पाण्यावर त्याची हयात गेली, पण पाण्यात पाऊल टाकायची त्याला भीती होती. डोक्यावरून अंघोळ करायची म्हटलं तरी तो डोळे गच्च मिटून घ्यायचा. "केस धुवायला सांगितलं तर घर डोक्यावर घेतात, आणि बाहेर म्हणे कप्तान," असं त्याची बायको म्हणायची, पण घरातल्या घरात. नवऱ्याची इज्जत तिने उंबऱ्याबाहेर कधी जाऊ दिली नाही. हे गुपित आणखी एकाला ठाऊक होतं. तो म्हणजे तिचा भाऊ, बोटीचं इंजिन सांभाळणारा. आणि त्याच्या तोंडून दिवसाकाठी जेमतेम एखादं वाक्य निघायचं, तेही इंजिनाशी.

आता खडक न बघता त्याचं एवढं वर्णन करायचं म्हणजे मेहनत लागते. कप्तानाची पद्धत अशी होती. ओलेचिंब पाहुणे शिडीवरून वर आले, की तो त्यांच्या हातात गरम चहाचा पेला द्यायचा आणि सहज विचारायचा, "काय दिसलं?" नुकताच पाण्यातून आलेला माणूस खरं बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो. एका दातांच्या डॉक्टरला हातभर मासा दिसला, त्याने तो टेबलाएवढा सांगितला. एका शिक्षिकेने खबदाडाची गुहा केली. कुणाच्या डोळ्यांवरच्या काचेवर धुकं धरलं होतं, त्याला माशाचा डोळा अधू वाटला. कप्तानाने यातलं काही वाया जाऊ दिलं नाही. सगळं जोडलं, घासूनपुसून घेतलं, आणि माशाला वरून स्वभावही दिला. एखादा पाहुणा वर येऊन म्हणाला, की म्हातारा काही भेटला नाही, तर कप्तान मान हलवून म्हणायचा, "आज रुसला असेल." पाहुण्याला आपलंच काही चुकलं असं वाटायचं.

खोटं बोलायचं असं त्याने कधी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा 'मी गेलो नाही' म्हणायची लाज वाटली, आणि दुसऱ्यांदा विचारलं तोवर उशीर झाला होता. पुढे पुढे तर लोक या केंद्रात कप्तानाच्या गोष्टींसाठी यायला लागले. एवढा मान मिळत असताना सत्याची आठवण कुणाला होते?

या गोष्टी सर्वांत जास्त कुणी ऐकल्या असतील, तर त्याच्या मुलीने. लहानपणी ती म्हाताऱ्याची चौकशी केल्याशिवाय झोपायची नाही. मोठी झाली तशी केंद्रातच लागली. टाक्या उचलायच्या, पाहुण्यांचे ओले पोशाख धुवायचे, वाळत घालायचे. हळूहळू पोहायला शिकली, टाकी लावायला शिकली, आणि एके दिवशी खडकावर उतरली. कप्तान त्या दिवशी वर बोटीत बसून होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुलगी सुखरूप येते की नाही ही काळजी होतीच, पण ती खाली काय बघून येते याची धास्ती त्याहून कमी नव्हती.

मुलगी वर आली. काच कपाळावर सरकवली. कप्तानाने चहाचा पेला पुढे केला. नेहमीचा प्रश्न काही त्याच्या तोंडून निघेना. बोटीत पाहुणे होते, त्यांतल्याच एकीने विचारलं, "भेटला का गं तुला तो म्हातारा?"

मुलीने बापाकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "झोपला होता."

कप्तानाचा जीव भांड्यात पडला. आणि माणसाचं मन असं लबाड, की संध्याकाळपर्यंत त्याला खरंच वाटायला लागलं की मासा असणार. एवढे लोक सांगतात, आता तर पोटची पोर सांगते. ती आपल्याला सांभाळून घेते आहे हा विचार त्याला शिवला नाही असं नाही. शिवला, पण त्याने तो झटकून टाकला.

त्यानंतर ती प्रशिक्षकाच्या मदतीला रोजच खाली जाऊ लागली. मग परीक्षेची गोष्ट आली. नवशिक्यांना स्वतः पाण्याखाली न्यायचा परवाना मिळवायचा, तर परीक्षा द्यावी लागे. परीक्षक बाई दुसऱ्या गावाहून वर्षातून एकदाच येत. त्यांच्या डोळ्यांदेखत उमेदवाराने एका पुरत्या नवख्या माणसाला, जो जन्मात कधी पाण्याखाली गेलेला नाही अशाला, खडक दाखवून सुखरूप वर आणायचं. मुलीने लेखी भाग पार केला होता, पोहण्याचा केला होता, राहिलं होतं ते एवढंच. केंद्राच्या मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, "परवाना आण, प्रशिक्षकाची रिकामी जागा तुझी. नाही आणलास तर हंगाम सुरू व्हायच्या आत मी बाहेरचा माणूस घेणार." म्हणजे नापास झाली तर टाक्या उचलणं जन्माला चिकटलं. जागा काय दरवर्षी रिकामी होत नाही.

नवखा माणूस म्हणून मालकाने स्वतःचा भाचा दिला. औदार्य मोठं. भाच्याला रात्रीपासून सर्दी होती, पण मामाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून तो धक्क्यावर नाक ओढत गप्प उभा राहिला आणि बोटीत बसला. बोट पिंपाला बांधली, मुलीने त्याच्या पाठीवर टाकी चढवली, आणि तेवढ्यात भाच्याने अशी शिंक दिली की बोट हलली. पाठोपाठ दुसरी.

परीक्षक बाईंनी मान वर केली. बाई बुटक्या, केस बारीक कापलेले, आणि हसू बहुधा एखाद्या महत्त्वाच्या प्रसंगासाठी राखून ठेवलेलं. "सर्दी आहे?"

"थोडीशी," भाचा म्हणाला. नाकाने हो म्हटलंच होतं.

"सर्दीत खाली गेलं की कानातला दाब सुटत नाही. पडदा फाटतो. हा उतरणार नाही." बाईंनी बोटीवर नजर फिरवली. "दुसरं कुणी आहे? कधीच न गेलेलं?"

बोटीत पाहुणे चौघे होते, पण ते कालच एकदा जाऊन आले होते आणि तेवढ्यात तज्ज्ञ झाले होते. त्यांना नेणारा प्रशिक्षक अर्थातच बाद. मेव्हणा पिंपाची दोरी तपासायला अधूनमधून बुडी मारायचा, तोही बाद. परत जाऊन कुणाला आणावं, तर बाईंची दुपारची गाडी होती.

"नाही मॅडम," मुलगी म्हणाली. "कुणीच नाही."

हे म्हणताना तिने बापाकडे पाहिलं नाही. इकडेतिकडे सगळीकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, भाच्याच्या लाल नाकाकडे पाहिलं, फक्त सुकाणूच्या दिशेला तिची मान वळली नाही. आणि कप्तानाला लख्ख कळलं, की हिला सगळं ठाऊक आहे. आजचं नाही, पहिल्यापासून. आपली अब्रू झाकायला ही पोर परीक्षा सोडून द्यायला निघाली आहे.

"मग पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या आणि कागद पिशवीत ठेवू लागल्या. मुलगी स्वतःच्या टाकीचे पट्टे सोडवायला लागली.

कप्तानाने मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याला नेमकं तेव्हाच इंजिनात काहीतरी फार रंजक दिसलं होतं. कप्तानाने पाहुण्यांकडे पाहिलं. अर्ध्या तासापूर्वीच त्यांना त्याने म्हाताऱ्याचं पूर्ण चरित्र ऐकवलं होतं, नव्या तपशिलांसह.

"मॅडम," तो म्हणाला. खर्ज कुठे पळाला कोण जाणे, आवाज अगदीच साधा निघाला. "एक माणूस आहे."

"कोण?"

"मी."

चौघांतला एक जण हसला. त्याला ती कप्तानाची थट्टा वाटली. "काका, तुम्ही? तुम्ही तर मोजणं सोडून दिलंय!"

"मी कधी गेलो नाही," कप्तान म्हणाला. "एकदाही नाही. मला पोहताही येत नाही."

"आणि तो मासा?"

"ऐकीव आहे."

मग तोच पाहुणा उसळला, "अहो, काल मी अख्खी टाकी संपवली त्या माशापायी! बायको तिकडे कासव बघत होती आणि मी प्रत्येक भोकात डोकं घालत होतो!" त्याचं म्हणणं रास्तच होतं. कप्तानाने ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

"बाबा, काही गरज नाही याची," मुलगी हळूच म्हणाली. "देईन की पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी काय देतेस? जागा तोवर कुणाच्या तरी घशात जाईल. मास्तरीण व्हायचंय ना? मग शिकव. गप्पा नकोत."

बाईंनी त्याची तब्येत विचारली. रक्तदाब, छाती, कान. स्वतःच्या पाठीवरही टाकी चढवली, कारण त्या दोघांच्या मागोमाग उतरणार होत्या. मग तो बोटीच्या काठावर पाय सोडून बसला आणि मुलगी त्याच्यासमोर पाण्यात तरंगत त्याला समजावू लागली. "श्वास कधीच रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. कान दुखायला लागले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. ठीक असाल तर बोट आणि अंगठा जुळवून गोल करायचा. वर यायचं असेल तर अंगठा वर. बाकी सगळं माझ्यावर सोडा." हे शब्द कप्तानाने रोज ऐकले होते, आणि अंगठ्यात गल्लत करणाऱ्या पाहुण्यांची यथेच्छ टिंगलही केली होती. आज मात्र एकेक शब्द तो जीव मुठीत धरून ऐकत होता.

डोकं पाण्याखाली गेलं आणि त्याचं सगळं ज्ञान बोटीवर राहिलं.

आधी फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज. मग कानात कळ. त्याने नाक धरून फुंकलं, कळ गेली, पुन्हा आली, पुन्हा फुंकलं. छातीत धडधड एवढी, की खडकावरचे मासे बिचकले असतील. वर जायचं, बस. दुसरा विचारच नव्हता. आणि वर जाणं किती सोपं होतं! अंगठा उचलायचा. अंगठा उचलला की नियमाप्रमाणे ती त्याला तत्काळ वर नेणार, आणि परीक्षा संपणार. कप्तानाच्या लक्षात आलं की आपला उजवा अंगठा परस्पर वर निघाला आहे. त्याने डाव्या हाताने तो पकडला आणि मुठीत करकचून आवळून धरला.

मुलीने ते पाहिलं. ती थांबली. पुढे न जाता तिने त्याला पिंपाच्या दोरीपाशी आणलं आणि त्याचा कोपर दोरीला टेकवला. मग त्याच्या तोंडासमोर आली, दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली. माझ्याकडे बघा. तिने सावकाश श्वास घेतला, सावकाश सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. कसलीही घाई नव्हती, जणू दिवसभर इथेच थांबायचं ठरलं आहे. कप्तानाचा श्वास तिच्या श्वासामागून चालायला लागला. मूठ केव्हा सुटली ते त्यालाच कळलं नाही. त्याने बोट आणि अंगठा जुळवून गोल केला, वेडावाकडा का होईना. तेव्हा कुठे ती पुढे निघाली.

पुढे म्हणजे स्वतः उलटी. तोंड त्याच्याकडे, पाठ खडकाकडे. मागे न बघता तिला प्रत्येक पोवळं ठाऊक होतं. ही तीच मुलगी, जी घरात कपबश्या फोडते, दारं आपटते, टॉवेल खुर्चीवर टाकून जाते. इथे तिचा एक हात उगाच हलत नव्हता. मध्येच तिने त्याच्या टाकीचा काटा वाचला, सुटलेला पट्टा आत खोचला, त्याचा पाय पोवळ्याला लागणार तेवढ्यात घोटा धरून अलगद उचलला. आजूबाजूने मासे थव्याने चालले होते. तिने एकाकडेही पाहिलं नाही. तिने बोटाने काही दाखवलं की कप्तान ते बोटच बघायचा.

रोज ही बोटीच्या काठावरून नाहीशी होते आणि वर फक्त बुडबुडे येतात. त्या बुडबुड्यांखाली ती काय करते, हे तिच्या बापाने कधी पाहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. परक्यांना तो नसलेल्या माशाची वर्षानुवर्षं वाखाणणी करत आला, आणि असलेल्या पोरीबद्दल एक शब्द कुणापाशी काढला नाही. कप्तानाला स्वतःची लाज वाटली, आणि पोरीचा असा काही अभिमान वाटला की घशाशी आवंढा आला. पाण्याखाली आवंढा गिळणं जिकिरीचं असतं.

वर आल्यावर त्याला दोघांनी ओढून बोटीत घेतलं. पेला या वेळी मेव्हण्याने पुढे केला. "घ्या दाजी," म्हणाला. त्याचं त्या दिवसाचं वाक्य झालं.

परीक्षक बाईंनी टॉवेलने हात पुसले. "काका, अंगठा का धरून ठेवला होतात?"

"वर गेला असता म्हणून."

"म्हणजे तुम्हाला वर यायचं होतं."

"हो."

"मग सांगायचं होतं. घाबरलेल्या माणसाला वर येण्याचा हक्क आहे. नवखा माणूस घाबरलेला आहे आणि उमेदवार त्याला पुढे नेते आहे, हे मी काय समजायचं?"

कप्तानाच्या पायाखालची बोट सरकली. एवढं सगळं केलं आणि शेवटी आपल्याच मुठीने पोरीचं वाटोळं केलं! तो काही बोलणार तोच मुलगी म्हणाली, "मला कळलं होतं मॅडम. म्हणूनच दोरीपाशी थांबवलं. मूठ सोडून त्यांनी स्वतः ठीकची खूण केली नसती तर मी त्यांना वरच आणणार होते. परीक्षा गेली असती तरी."

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मग कप्तानाकडे वळल्या. "आणि खडक? काय काय पाहिलंत?"

चौघे पाहुणे कान देऊन बसले. ज्या माणसाला न बघता तासभर बोलता यायचं, तो आता बघून आला होता. आता तर काय, पर्वणी! कप्तानाने तोंड उघडलं. मिटलं.

"काही नाही पाहिलं," तो म्हणाला. "हिच्याकडेच बघत होतो. माफ करा मॅडम, हिने सगळं दाखवलं. मीच बघितलं नाही."

"पहिल्या खेपेला तेच करायचं असतं," बाई म्हणाल्या, आणि राखून ठेवलेल्या हसण्यातलं थोडंसं खर्च करून कागदावर सही केली.

हंगाम सुरू झाला. कप्तानाची प्रवचनं बंद पडली. काही जुने पाहुणे हिरमुसले, मालकही कुरकुरला. प्रशिक्षकाच्या जागेवर मात्र मुलगी आली.

एका सकाळी एक बाई नवऱ्याबरोबर आल्या. नवरा उत्साहाने खाली गेला, बाईंचं धाडस झालं नाही. त्या काठाला गच्च धरून पाण्यावरच्या बुडबुड्यांकडे बघत बसल्या. चेहरा पांढरा पडलेला. कप्तान त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"नीट येतील ना हो ते वर?" बाईंनी विचारलं.

"येतील. माझी मुलगी आहे खाली."

"तुम्हाला एवढी खात्री कशी?"

"मी जाऊन आलोय," कप्तान म्हणाला.